आधी तिची तपासणी

थायरॉईड हा बायकांचा आजार आहे असं मी बरीच वर्षं मानत आलो, आणि मेडिकलच्या काउंटरमागं उभा राहून लोकांना तसं सांगतही आलो. लग्नाला वर्षं उलटली आणि मूल नाही, तर आधी बाईला दाखवायचं, हेही मला तितकंच सरळ वाटायचं. या दोन समजुती एकमेकींना धरून होत्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या. त्या कशा ढासळल्या ते लिहितो आहे, कारण आमच्या पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावात मेडिकलवाल्याचा शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीच्या बरोबरीनं चालतो. माझा शब्द कोणकोणत्या घरात जाऊन बसला असेल, हे आता मला कळायला मार्ग नाही.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव, भोवती कापूस, तूर, सोयाबीनची शेतं. कोलामांच्या पोडावरून, गोंडांच्या वस्त्यांवरून, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून माणसं बाजाराला येतात आणि जाताना औषध घेऊन जातात. मोठ्या तपासणीसाठी यवतमाळ नाही तर नागपूर गाठावं लागतं, त्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून बरेच जण आधी मेडिकलवरच विचारतात. "भाऊ, याच्यावर काय घेऊ?" या प्रश्नाला मी रोज उत्तर देत आलो.

थायरॉईडच्या गोळ्या नेणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. शंभर गोळ्यांची बाटली. कुणाला पंचवीस मायक्रोग्रॅमची, कुणाला पन्नासची. पुरुष आला तर बायकोची किंवा आईची बाटली न्यायला. पुरुष स्वतःसाठी यायचे ते दुकानात कुणी नसताना, आणि आवाज खाली करून विचारायचे, "ताकदीचं काही आहे का?" मी पावडर द्यायचो, शक्तीच्या कॅप्सूल द्यायचो. थकवा आहे का, थंडी सहन होते का, वजन वाढलं का, पोट साफ होतं का, असं त्यांच्यातल्या एकालाही मी विचारलं नाही. हे प्रश्न मी बायकांना विचारायचो.

समोर बायका दिसतात, म्हणजे आजार बायकांचा, असा माझा हिशेब होता. बाईला दिवस गेले की थायरॉईडसाठी रक्तातली टीएसएच तपासतात, पाळी पुढंमागं झाली की तपासतात, मूल होत नसेल तर पहिल्याच चिठ्ठीत ती तपासणी लिहिलेली असते. पुरुषावर ती वेळ फारशी येत नाही. ज्याला कुणी तपासतच नाही त्याचा आजार सापडणार कसा, हा साधा प्रश्न मला पडला नाही. बायकांत हा त्रास जास्त असतो हे खरंच आहे. देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे १६ टक्के बायकांची थायरॉईड ग्रंथी मंदावलेली आढळली. पुरुषांत हे प्रमाण ५ टक्के होतं. मी यातला पहिलाच आकडा लक्षात ठेवला असता. पण ५ टक्के म्हणजे वीस पुरुषांत एक. दुकान उघडल्यावर पहिल्या तासाभरात तेवढे पुरुष माझ्यासमोरून जातात.

आमच्या लग्नाला काही वर्षं झाली आणि घरात तो विषय निघू लागला. आईनं केळापूरच्या जगदंबेला नवस बोलला. नात्यातल्या डोहाळजेवणाला माझ्या बायकोला बोलावणं यायचं, पण ओटी भरायला तिला कुणी पुढं बोलवायचं नाही. घरी आल्यावर ती काही सांगायची नाही आणि मीही विचारायचो नाही. मग दवाखाने सुरू झाले. तिची सोनोग्राफी, तिचं रक्त, तिची टीएसएच. टीएसएच नॉर्मल आली. मी सोबत जायचो, बाहेर बाकावर बसायचो आणि आपण चांगला नवरा आहोत असं मला वाटायचं.

एका डॉक्टरांनी अगदी सुरुवातीलाच माझ्या वीर्य तपासणीची चिठ्ठी दिली होती. मी ती घडी घालून खिशात ठेवली. त्या तपासणीत काय बघतात हे मला शिकताना कळलेलं होतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूनंही काही ना काही कारण असतं, हेही वाचलेलं होतं. पण गावातल्या लॅबमध्ये सगळे ओळखीचे. तिथं नमुन्याची डबी घेऊन जायची लाज वाटली. आणि लाजेच्या तळाशी भीती होती. रिपोर्ट खराब निघाला तर घरात, गावात, बायकोसमोर माझी काय किंमत उरेल, ही भीती.

पुढं एकदा तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "केली. नॉर्मल आहे."

तिचे पुढचे सगळे उपचार माझ्या या वाक्यावर उभे राहिले. नवऱ्याचं ठीक आहे असं तिनं दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. मग नळ्या मोकळ्या आहेत का ते बघण्याची तपासणी झाली. त्यात गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात. तिला फार दुखलं. मग अंडं तयार होण्याच्या गोळ्या, अंडं फुटण्याची इंजेक्शनं. ती इंजेक्शनं माझ्याच दुकानाच्या फ्रिजमधून घरी जायची. स्वतःची चिठ्ठी दडवून ठेवलेला माणूस बायकोची औषधं वेळेवर पोचवत होता आणि त्याला काळजी समजत होता. तो भित्रेपणा होता. तिच्या अंगाला सुया टोचल्या जात होत्या त्या माझ्या भित्रेपणापायी.

याच काळात माझं शरीर मला बरंच काही सांगत होतं. मे महिन्यात गिऱ्हाईक घामानं निथळत पंख्याखाली येऊन उभं राहायचं आणि मला घाम फुटत नसे. दिवाळीनंतर दुपारच्या उन्हातही मी स्वेटर घालून बसायचो. वजन वाढलं, आवाज जड झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागू लागला. तोंडपाठ असलेली औषधांची नावं आठवायला वेळ लागायचा. आणि रात्री बायकोजवळ जायची इच्छा हळूहळू मावळली. उपचारांच्या ताणानं असं होत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. कधी कधी तर तिच्या उदास राहण्याला मी त्याचं कारण ठरवलं. हीच लक्षणं एखाद्या बाईनं सांगितली असती, तर "ताई, थायरॉईड तपासून घ्या" असं मी लगेच म्हटलं असतं.

एक बाई तर अगदी हेच विचारायला आली होती. शेतमजुरी करणारी, स्वतः थायरॉईडची गोळी घेणारी. म्हणाली, "भाऊ, माह्या घरवाल्याले बी असंच होते. थंडी वाजते, निजूनच राहाते. त्याले बी हेच असन का?" मी म्हणालो, "नाही बाई, हा बायकांचा आजार आहे. त्याला ताकदीचं काही देतो." ती पावडरचा डबा घेऊन गेली. तिनं पदराच्या गाठीतून काढलेले पैसे मी मोजून घेतले. तिनं दोन अंगांची लक्षणं शेजारी ठेवून पाहिली होती. शाळेत न गेलेल्या त्या बाईनं जे ताडलं, ते मला औषधशास्त्र शिकून दिसलं नाही. मला उत्तर आधीच ठाऊक होतं, म्हणून मी तिचा प्रश्न ऐकलाच नाही.

त्यानंतर कधीतरी आम्ही नागपूरला एका डॉक्टरांकडं गेलो. बायकोची फाईल तोवर जाडजूड झाली होती. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा मागची पानं चाळली.

"यांचा रिपोर्ट?" त्यांनी विचारलं.

"नॉर्मल आहे," बायको म्हणाली.

"कागद कुठं आहे?"

हरवला, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. म्हटलं असतं तर त्यांनी नवीन चिठ्ठी दिली असती आणि माझं खोटं कायमचं झाकलं गेलं असतं. मी तसं का म्हणालो नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात धैर्य नव्हतं. खोटं निभावून न्यायलाही अंगात जोर लागतो आणि तो माझ्यात उरला नव्हता. समोर ती फाईल होती. त्या फाईलमधलं प्रत्येक पान तिचं होतं, माझं एकही नव्हतं. मी म्हणालो, "तपासणी केलीच नाही."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं फाईल स्वतःकडं ओढून घेतली आणि तिच्यावर हात ठेवून बसली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "तुमचा आवाज पहिल्यापासून असाच आहे?" मी बायकोकडं पाहिलं, उत्तर तिनं दिलं. असा नव्हता, म्हणाली. त्यांनी नाडी बघितली. ती मंद होती. गळा चाचपला, हाताची कातडी बघितली. मग मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं बाहेर लोंबतील असं बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यानं हललं, पण जागेवर परत यायला त्यानं वेळ घेतला. दुसऱ्या पायाचंही तेच. "हे बघा," डॉक्टर तिला म्हणाले, "स्नायू सैल व्हायला किती उशीर लागतोय."

ती बघत होती. तिचं शरीर तपासलं जात असताना मी नेहमी दाराबाहेर असायचो; माझं तपासलं जात असताना ती खोलीत होती. तिथं मला अपमान वाटायला हवा होता. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होतो ते हेच होतं. पण वाटलं ते वेगळंच: आपल्याला काहीतरी झालं आहे, ते दुसऱ्या कुणाला तरी दिसलं, आणि त्याला नाव आहे. त्या आधारानं माझे डोळे भरून आले. आणि मग पाठोपाठ हेही कळलं, की बायकोला असा आधार एकदाही मिळाला नव्हता. तिच्या शरीरात जे नव्हतंच ते शोधण्यासाठी तिला पुन्हा पुन्हा टेबलावर झोपवलं गेलं होतं. माझी समजूत तिथं, त्या खुर्चीवर मोडली. रिपोर्ट यायच्या आधीच मोडली.

रिपोर्टनं फक्त आकडा दिला. टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असावी. माझी साठच्या वर होती. हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. थायरॉईड मंदावली की पिट्युटरी तिला जास्त जोरानं हाका मारते, म्हणून आकडा चढतो. वीर्य तपासणीही अखेर केली. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभराच्या आत तपासला जायला हवा, एवढाच तिचा व्याप. ज्याला मी इतकी वर्षं भ्यालो ते काम चहा पिऊन होण्याइतक्या वेळात आटोपलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणं एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले निदान ४२ टक्के हलणारे आणि ४ टक्के नीट घडणीचे, ही खालची मर्यादा मानतात. माझी संख्या कशीबशी काठावर होती. हालचाल आणि घडण दोन्ही बिघडलेल्या होत्या.

परतीच्या गाडीत हिंगणघाट मागं पडेपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "त्या नळ्यांच्या तपासणीच्या दिवशी मला तुमचा हात धरावासा वाटत होता. तुम्ही बाहेर होते." खोटं का बोललात, असं तिनं विचारलं नाही. मी माफी मागितली. "माफीचं मग बघू," ती म्हणाली. "उद्यापासून गोळी सुरू करा."

गोळी सुरू केली, तरी मनाची पळवाट शोधण्याची सवय गेली नव्हती. मी सगळं पाण्यावर ढकलू पाहिलं. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. २००७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात पांढरकवडा परिसरातल्या भूजलातल्या फ्लोराईडवर शोधनिबंधही आला आहे. डाग पडलेले दात आणि आखडलेले सांधे आम्ही पाहतो. थायरॉईडवरही त्याचा परिणाम होतो का, यावर अभ्यास चालू आहेत. पण माझ्या रक्तात थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर सापडली. माझंच शरीर माझ्या ग्रंथीवर चाल करून जात होतं. या आजाराचं पहिलं वर्णन १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकानं केलं, आणि त्याचे चारही रुग्ण बायका होत्या. हे वाचल्यावर क्षणभर जुनी समजूत पुन्हा डोकं वर काढू लागली. पण चार रुग्णांवरून साऱ्या पुरुषांना वगळणं म्हणजे मी काउंटरवरून करत होतो तेच होतं.

शास्त्रानंही या बाबतीत आपलं मत बदललेलं आहे, हे मला नंतर कळलं. १९५२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉईडचं संप्रेरक दिल्यावर शरीरातल्या बऱ्याच अवयवांचा ऑक्सिजनचा वापर वाढला, वृषणांचा वाढला नाही. त्यावरून प्रौढ वयात वृषणांना थायरॉईडशी देणंघेणं नसतं, असा समज कित्येक वर्षं राहिला. पुढं १९९० च्या दशकात वृषणातल्या सर्टोली पेशींमध्ये, म्हणजे शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींमध्ये, या संप्रेरकाचे ग्राही (रिसेप्टर) सापडले आणि तो समज मागं पडला. ग्रंथी मंदावली की शुक्राणूंची हालचाल आणि घडण बिघडू शकते, प्रोलॅक्टिन वाढू शकतं, टेस्टोस्टेरॉन घटू शकतं, इच्छा कमी होते. ग्रंथी जास्त चालली तरी बिघाड होतोच. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रंथी मंदावलेल्या बऱ्याच पुरुषांना वीर्यपतनाला फार उशीर लागत होता, तर ग्रंथी अतिरेकी चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना शीघ्रपतनाचा त्रास होता. उपचारानंतर त्यातल्या अनेकांना फरक पडला. ज्या गोष्टीसाठी माझ्याकडं पुरुष दबक्या आवाजात पावडर मागत होते, तिच्यामागं काही जणांत तरी ही ग्रंथी असणार. माझ्या हाती विचारण्याची संधी होती आणि मी डबा पुढं केला.

गोळी घेताना मला माझ्याच जुन्या सल्ल्याचा पोकळपणा कळला. "सकाळी उपाशीपोटी घ्या" एवढं मी बायकांना सांगायचो आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळायचो. गोळीनंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा चालत नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतरानं घ्यावी लागते, नाही तर औषध नीट शोषलं जात नाही. कितीतरी बायका या तिन्ही गोळ्या एकाच घोटात घेत असतील, कारण मी त्यांना एकाच पिशवीत घालून दिल्या होत्या. गोळीचा डोस ठरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात. शुक्राणूंचं वेगळं. एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, मग पुढच्या नळीत पक्व व्हायला आणखी थोडे. म्हणून आज सुधारलेल्या ग्रंथीचा परिणाम वीर्याच्या रिपोर्टमध्ये दिसायला निदान तीन महिने थांबावं लागतं. मी थांबलो. आधी घाम परत आला, मग आवाज, मग इच्छा. दुसऱ्या रिपोर्टमध्ये हालचाल बरीच सुधारली होती.

मूल न होणाऱ्या प्रत्येक पुरुषाची थायरॉईडच बिघडलेली असते, असं मात्र मी म्हणत नाही. एका चुकीच्या समजुतीतून दुसरीत जायचं नाही. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, जुना जंतुसंसर्ग, लहानपणानंतर झालेला गालफुगीचा आजार, मधुमेह, दारू, तंबाखू, आमच्याकडं पोरापोरांच्या तोंडात असलेला खर्रा, शेतातल्या विषारी फवारण्या, अशी कितीतरी कारणं असतात, आणि कधी कारण सापडतही नाही. म्हणून तपासायचं. न तपासता थायरॉईडची गोळी घेणं धोक्याचं. गरज नसताना घेतली तर छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात आणि वीर्यही बिघडू शकतं. त्याहून मोठा धोका टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा. पुरुषत्व वाढेल म्हणून ती घेतली, की मेंदू वृषणांना संदेश देणं थांबवतो आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही जाऊ शकते. मूल हवं असलेल्या माणसानं मूल होण्याचा रस्ता स्वतःच बंद करावा, असं ते आहे. मला ती घ्यायचा सल्ला एका जवळच्या माणसानं दिला होता. मी वाचलो ते केवळ सुईच्या भीतीनं.

आईला सांगणं सर्वात कठीण गेलं. तिला टीएसएच समजावण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हणालो, "आई, दोष तिच्यात नव्हता. माझ्यात होता, आणि मी तो लपवला." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग मी तिले एवढं बोलली, ते आता कुठं ठेवू?" मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. सुनेला उद्देशून बोललेल्या तिच्या प्रत्येक शब्दात माझ्या गप्प बसण्याचा वाटा होता. पुढं पुढं मला हेही कळलं की 'दोष' हा शब्दही मी चुकीचाच वापरला. ग्रंथी आजारी पडते, त्यात दोष कुणाचाच नसतो. दोष लपवण्यात होता.

शरीराबद्दल लपवू नये, हे आपल्याकडं फार पूर्वी सांगून झालं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून स्त्री-पुरुषांच्या शरीराबद्दल उघड लिहिलं, त्यासाठी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. त्या खटल्यालाही आता नव्वदहून जास्त वर्षं झाली. आणि आमच्या गावात माझ्यासारखा शिकलेला माणूस स्वतःच्या तपासणीची चिठ्ठी खिशात लपवत होता. दारिद्र्यानं किंवा अंतरानं मला अडवलं नव्हतं. बायकोची तपासणी जर यवतमाळ-नागपूरला होऊ शकते, तर त्याच फेरीत नवऱ्याचीही होते. पुरुषाच्या वीर्य तपासणीला सुई नाही, भूल नाही, टाका नाही. तरीही ती शेवटी होते, किंवा होतच नाही, कारण घरातली सगळी माणसं मिळून पुरुषाची अब्रू सांभाळतात आणि तिची किंमत सुनेच्या अंगातून वसूल करतात. मी त्या वसुलीचा फायदा घेतला.

आता कुणी आवाज खाली करून ताकदीचं मागायला आला, की मी त्याला बाजूला बोलावतो आणि जे प्रश्न पूर्वी बायकांना विचारायचो तेच त्याला विचारतो. काही जण चिडून निघून जातात. काही जण थांबतात. मग मी सांगतो की मलाही हाच आजार आहे आणि माझी बाटली दाखवतो. त्या शेतमजूर बाईलाही मी पुढं सगळं सांगितलं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, घरवाल्याला डॉक्टरकडं न्या, रक्त तपासून घ्या. ती म्हणाली, "मी तवाच म्हटलं होतं न, भाऊ." तिला माझ्या कबुलीचं फारसं काही वाटलं नाही. तिला तपासणी कुठं होते आणि सोबत काय न्यायचं, हे हवं होतं. मी ते कागदावर लिहून दिलं.

हे सगळं छापायला द्यायच्या आधी मी बायकोला वाचायला दिलं. तिनं एकच अट घातली. आम्हाला पुढं मूल झालं की नाही, ते लिहायचं नाही. "झालं असं लिहिलं, तर लोक म्हणतील गोळीनं काम केलं आणि बाकीचं विसरतील. नाही झालं असं लिहिलं, तर पुन्हा माझ्याकडं बघतील." मी अट मान्य केली. तिला अंधारात ठेवून, तिच्या शरीराला भोगावं लागलेलं एक वाक्य मी पूर्वी बोललो होतो. आता तसं पुन्हा करणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मूल हवं असेल आणि होत नसेल, तर पहिल्या दिवशी दोघांनी जावं, दोघांची नावं चिठ्ठीवर लिहिली जावीत आणि दोघांचे कागद एकाच फाईलमध्ये लागावेत. नवऱ्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बायकोच्या नळ्यांना कुणी हात लावू देऊ नये. डॉक्टर विसरले तर बायकोनं आठवण करावी, आणि ती बोलू शकत नसेल तर नवऱ्यानं स्वतः म्हणावं: आधी माझी तपासणी करा.